‘बी विंगवाल्यांनी चावी बंद केली!’

परवा टीव्हीवर एक विश्लेषक छातीठोकपणे सांगत होते, ‘लोक घाबरलेत, म्हणून असले नेते निवडून येतात.’ असले म्हणजे ‘साधीभोळी जनता एका बाजूला, भ्रष्ट बडे लोक दुसऱ्या बाजूला, आणि जनतेचा खरा आवाज फक्त माझा’ म्हणणारे. लोकानुरंजनवाद म्हणतात तो हाच. पण त्याच्या मुळाशी नुसती भीती आहे, हे मला पटत नाही.

गेल्या महिन्यातली आमच्या सोसायटीतली सकाळ सांगतो. साडेसहाला नळाला पाणी नाही. पहिली दहा मिनिटं सगळे गॅलरीत. ‘तुमच्याकडे येतंय का हो?’ कुणी वॉचमनला फोन लावला, कुणी टाकीवर चढलं, एका काकूंनी शेजारच्या इमारतीतही विचारून घेतलं. मग जिन्यातून आवाज आला, ‘बी विंगवाल्यांनी चावी बंद केली!’ आणि चौकशी तिथंच थांबली. टाकीवर चढलेला माणूस काय पाहून आला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

मानसशास्त्रात भीती आणि राग या दोन्ही नकारात्मक भावना, पण त्यांचा हिशेब वेगळा. नेमकं काय चाललंय ते कळत नाही आणि आपल्या हातात काही नाही, असं वाटलं की भीती. दोषी कोण ते पक्कं ठाऊक आहे आणि त्याला धडा शिकवता येईल, असं वाटलं की राग. संकट एकच असलं तरी या दोन उत्तरांवर मन वेगवेगळ्या वाटेनं जातं. भ्यालेला माणूस माहिती शोधतो, चिडलेल्याला ती पुरेशी झालेली असते. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर मानसशास्त्रज्ञ जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी ९७३ अमेरिकनांवर प्रयोग केला. काहींची भीती जागवली, काहींचा राग. रागावलेल्यांना पुढचा धोका कमी वाटला! संताप माणसाला निर्धास्त करतो, हे मला अजूनही नवल वाटतं.

आता पॅरिस. १३ नोव्हेंबर २०१५च्या रात्रीच्या हल्ल्यांत १३० माणसं मारली गेली. ६ डिसेंबरला फ्रान्समधल्या प्रादेशिक निवडणुकांची पहिली फेरी झाली. मारीन ल पेन यांच्या नॅशनल फ्रंट या अतिउजव्या, लोकानुरंजनवादी पक्षानं जवळपास २८ टक्के मतं घेतली, १३ पैकी ६ प्रदेशांत आघाडी मिळवली. दुसऱ्या फेरीत मात्र एकही प्रदेश हाती लागला नाही. वासिलोपुलोस, मार्कस आणि सहकारी या संशोधकांनी हल्ल्यानंतरच्या सर्वेक्षणातून मतदारांचा राग आणि भीती वेगवेगळी मोजली. राग जास्त तिथं या पक्षाकडे कल जास्त, भीती जास्त तिथं उलट कमी.

इथं जरा गणित आहे. भ्यालेला माणूस बहुधा चिडलेलाही असतो, त्यामुळे नुसती भीती मोजली तर रागाची कमाईसुद्धा तिच्याच खात्यावर जमा होते. म्हणून समाश्रयण (रिग्रेशन) ही सांख्यिकी पद्धत वापरतात: राग सारखाच असलेल्या माणसांत भीती कमीजास्त झाली की मत कुठं सरकतं ते पाहायचं, मग भीती स्थिर धरून रागाचं तसंच. मानसशास्त्रज्ञ जॉन जोस्ट यांचा आक्षेप नेमका यावरच आहे. भीतीचा परिणाम रागामार्फतच होत असेल, तर राग स्थिर धरणं म्हणजे भीतीचा तो रस्ताच बंद करणं. सांख्यिकीत राग मग ‘मध्यस्थ चल’ ठरतो, म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यामधला दुवा. मला वाटतं, या भांडणात दोन्ही पक्ष एकाच जागी बोट ठेवतात. भीती असते, पण मतपेटीपर्यंत ती राग होऊन पोचते. मधलं रूपांतर आपोआप होत नाही, जिन्यातून कुणीतरी ओरडावं लागतं.

जाता जाता एक: ‘विचारसरणी मेंदूत कोरलेली असते’ छापाच्या बातम्यांवर फार विसंबू नका. २००८ साली नेब्रास्कातल्या ४६ जणांना चेहऱ्यावर कोळी बसलेला माणूस वगैरे भीतिदायक चित्रं दाखवून त्वचेची प्रतिक्रिया मोजली, आणि राजकीय कल शरीरातच दिसतो असा गाजावाजा झाला. २०२०मध्ये दुसऱ्या चमूनं २०२ जणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा तसं काही आढळलं नाही. हस्तरेषा बघून स्वभाव सांगणाऱ्याला आपण हसतो. यंत्राची तार जोडली की मान डोलावतो.

उदारमतवादी लोकशाहीची अडचण या रागापाशी येते. न्यायालय, विरोधी पक्ष, वार्ताहर ही सगळी मंडळी ‘थांबा, दुसरी बाजू ऐकू’ म्हणणारी. अजून नक्की ठाऊक नाही, असं मानणाऱ्याला त्यांची गरज भासते. ज्याला दोषी सापडलाय त्याला तारखांवर तारखा देणारं न्यायालय म्हणजे दोषीचा वकीलच वाटतो. असल्या नेत्यानं निवडून आल्यावर या संस्थांचे पंख छाटले तरी त्याचा समर्थक हळहळत नाही, आपलं काम अडवणारं कुणी दूर झालं असंच त्याला वाटतं.

आमच्याकडे पाणी दुपारी आलं. मोटरचा कपॅसिटर जळाला होता. वायरमननं पंधरा मिनिटांत बदलला. बी विंगची चावी वेगळी करून तिला कुलूप लावायचा ठराव मात्र त्याच रविवारी मंजूर झाला. कुलूप दोनशे ऐंशी रुपयांचं आहे, आणि किल्ली ए विंगकडे.