वाकडे पाऊल, प्लास्टर आणि बूट

बाळाचे पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली आणि तळवा दुसऱ्या पायाकडे झुकलेला दिसला, की यवतमाळ-गडचिरोलीकडच्या खेड्यांत पहिला प्रश्न येतो तो ग्रहणाचा: मायने गरोदरपणी ग्रहणात विळीवर काही चिरले होते का? या दोषाचा ग्रहणाशी काडीचाही संबंध नाही, आणि ओल्या बाळंतिणीला असा बोल लावणे हा अन्याय आहे. हजारात साधारण एका बाळाला क्लबफूट, म्हणजे हा जन्मजात वाकड्या पावलाचा दोष, असतो. मुलग्यांत तो मुलींच्या जवळपास दुप्पट आढळतो.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेल्या पद्धतीत बहुतेक बाळांना मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. तान्ह्या बाळाचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे) लवचीक असतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच पाऊल हाताने हळुवार वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात आणि ते दर आठवड्याला बदलतात. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बरेचसे वळणावर येते. मग बहुतेकांच्या टाचेमागची ताठ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) छोट्या छेदाने सैल करून शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात.

घरी पाठवताना परिचारिका आईच्या हातूनच एक तपासणी करवून घेते: बोटाचे टोक दाबून सोडायचे, फिकी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. बोटे निळसर, थंड किंवा सुजलेली वाटली, बाळ काही केल्या रडायचे थांबेना, किंवा बोटे आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हाही आंघोळीऐवजी अंग ओल्या फडक्याने पुसावे. प्लास्टरच्या आत तेल किंवा पावडर घालू नये, आणि लंगोट ओला होताच बदलावा.

खरी कसोटी मात्र पाय सरळ दिसू लागल्यावर लागते. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. पाय पुन्हा वळण्याचे प्रमुख कारण म्हणजे हे बूट सुटणे. कापूस वेचणीच्या दिवसांत माय पहाटेच शेतावर जाते आणि बाळ आजीजवळ राहते, म्हणून बूट चढवणे आजीलाही शिकवले पाहिजे: आधी सुती मोजा, मग टाच तळाशी नीट टेकवून मधला पट्टा घट्ट. टाच वर सरकली की कातडीला फोड येतो, बाळ रडते, आणि रडण्याला कंटाळून बूट कोनाड्यात जातात. फोड दिसला तरी बूट कायमचे काढून न ठेवता पट्टा आणि माप दवाखान्यात तपासून घ्यावे.