हिमोग्लोबिन : ऑक्सिजनची धर आणि सोड

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन धरते आणि ऊतकांत सोडते. त्याच्या रेणूत चार हीम गट, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या लोहयुक्त जागा, असतात. एकावर ऑक्सिजन बसला की रेणूची ठेवण बदलते आणि उरलेल्यांवर तो अधिक सहज बसतो. निरोगी प्रौढात निम्मे हिमोग्लोबिन संपृक्त व्हायला ऑक्सिजनचा सुमारे २७ मिमी पारा इतका दाब लागतो. आम्लता, कार्बन डायऑक्साइड, तापमान किंवा पेशीतील २,३-बायफॉस्फोग्लिसरेट हे संयुग वाढले की ही धर सैल पडते.

कार्बन डायऑक्साइडचा परिणाम डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराच्या मांडीचा स्नायू तापतो, आम्ल सोडतो, आणि नेमका तिथेच ऑक्सिजन मोकळा होतो. रावेर-यावलचा वैशाख कितीही कडक असला, तरी इथे हिशेब हवेच्या नव्हे, स्नायूतील रक्ताच्या तापमानाचा. रक्तक्षयात बायफॉस्फोग्लिसरेट वाढते. मोजके हिमोग्लोबिनही मग जास्त ऑक्सिजन सोडते. कोंदट घरातल्या चुलीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड उलटे करतो : स्वतः दोनशेपटींहून घट्ट चिकटतो आणि उरलेला ऑक्सिजनही सुटू देत नाही.

खानदेशात हा विषय सिकलसेलशी येऊन भिडतो. नंदुरबारच्या सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या प्रथिनसाखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे येते, एवढाच फरक. ऑक्सिजन सुटल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणून इतरांना उपयोगी पडणारी सोड इथे घातक ठरते. ताप, आम्लता आणि अतिश्रम तिला हातभार लावतात. अंगातले पाणी कमी झाले की पेशीतील हिमोग्लोबिन दाट होऊन दोरे लवकर बनतात. रुग्णाला भर उन्हात कामावर पाठवू नये, पाणी भरपूर द्यावे, हे आग्रहाने सांगायला हवे.

गर्भातील हिमोग्लोबिन बायफॉस्फोग्लिसरेटला फारसे दाद देत नाही, म्हणून आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढू शकते. ते या दोऱ्यांत सामीलही होत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्याचेच प्रमाण वाढवते.

गावपातळीवरील सिकलसेलची विद्राव्यता चाचणीही दोरे होण्याच्या गुणावरच चालते. रसायनाने रक्तातील ऑक्सिजन काढून घेतला की सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि तिच्यामागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. वाहकाची, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्याची, नळीही गढूळच होते. तो वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीने ठरते. तान्ह्या बाळात गर्भातील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने ही चाचणी भरवशाची नसते.