नवजात अतिदक्षता विभागातले अवघड निर्णय (नागपूर)

नवजात अतिदक्षता विभाग म्हणजे एनआयसीयू, लोकांच्या बोलण्यात नुसती 'पेटी': "लेकरू पेटीत ठेवलं." बरीच बाळं तिथून बरी होऊन घरी जातात, पण काहींच्या बाबतीत उपचार वाढवायचे, आहेत तेवढेच ठेवायचे की श्वास देणारी मशीन (व्हेंटिलेटर) काढायची असा प्रश्न उभा राहतो, आणि तो कोण कसा सोडवतं त्याबद्दल ही नोंद आहे.

नागपुरात मेडिकल, मेयो, डागा, एम्स ही सरकारी आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी हॉस्पिटलं, इथे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची बाळं येतात. बाळ ॲम्ब्युलन्समधून येतं, सोबत बाप आणि आजी, आणि आई मात्र सिझरचे टाके घेऊन तिकडेच तालुक्याच्या दवाखान्यात. माझ्या मते इथली सगळ्यात मोठी अडचण हीच, कारण जिचं लेकरू तिलाच विचारायचं राहून जातं.

प्रश्न कधी येतो? गरोदरपणाच्या 23-24 आठवड्यांतच जन्मलेलं, 500-600 ग्रॅमचं बाळ असलं तर, जन्मताच न रडलेल्या बाळाच्या मेंदूला जबर इजा झाली असली तर, किंवा टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत मोठा रक्तस्राव दिसला तर. 28 आठवड्यांच्या पुढे सहसा पूर्ण प्रयत्न करायचेच असतात.

आधी डॉक्टर आणि सिस्टर आपसात बोलतात, आणि सिस्टरचं ऐकायलाच हवं, कारण सुई टोचल्यावर बाळ कसं आक्रसतं हे तिने रात्रभर पाहिलेलं असतं. मग घरच्यांशी बोलणं, एकदा नाही, दोन-तीन बैठका, सरकारीत समाजसेवा अधीक्षकही बसतात. बऱ्याचदा दोन-तीन दिवस उपचार देऊन बघू आणि मग परत बसू असं ठरतं. चांगला डॉक्टर "मशीन काढू का?" असं विचारून बापाच्या डोक्यावर भार टाकत नाही, "आम्हाला असं वाटतं, तुमचं मन काय सांगतं?" असं म्हणतो. उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेले थांबवणं नीतीच्या दृष्टीने सारखंच मानतात, तरी नळी काढताना हात जड होतोच. आणि मशीन काढली म्हणजे काळजी थांबली असं नाही, वेदनेचं औषध, ऊब आणि मांडी द्यायचीच असते.

पैशाचं वेगळं. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून आजारी नवजाताचे सरकारी उपचार मोफत आहेत, पण खासगीत बिल रोज वाढतं आणि मग 'डामा', म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना सही करून बाळ घेऊन जाणं. जगू शकणारं बाळ, त्यातही मुलगी, असं गेलं तर त्याला नैतिक निर्णय म्हणता येत नाही, टीमने तिथे सरकारी खाट शोधून द्यायला हवी.

कायद्याचं बघितलं तर सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला निष्क्रिय इच्छामरण, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देणं, मान्य केलं आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची प्रक्रिया सोपी केली, पण त्यात विचार मुख्यतः मोठ्या माणसांचा आहे. बाळाला स्वतःची इच्छा सांगता येत नाही, म्हणून त्याचं हित काय हे आईबाप आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, आणि प्रत्येक बोलणं केसपेपरवर लिहायचं.

बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर अजून त्याचं नाव नसतं, आईचं असतं. निर्णय झाला तरी ती पोचेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवता येतो, आणि ठेवावा. मग ती येते, नळ्या कमी करून बाळ तिच्या मांडीवर देतात आणि पडदा ओढून घेतात.