विडा दोन मिनिटांत रंगतो, कोर्नासला बारा वर्षं का लागतात?

माझ्या हातून एक बाटली वाया गेली. धाकट्या दिराने फ्रान्सहून येताना आणलेली कोर्नास नावाची रेड वाईन. ‘वाईन जितकी जुनी तितकी भारी’ हे सगळ्यांसारखं मलाही पाठ होतं, म्हणून आठ वर्षं ती पुण्यातल्या घराच्या माळ्यावर पडून होती. गणपतीच्या मखराच्या खोक्यापासून सासूबाईंनी हातभर लांब सरकवलेली. उघडली तेव्हा काकवीत मनुका शिजवाव्यात तसा वास आला. ‘नकली माल असणार,’ असा घरातल्यांनी निकाल दिला. माल अस्सल होता. चूक माळ्याची होती, म्हणजे माझीच.

कोर्नास हे रोन नदीच्या उजव्या तीरावरचं छोटं गाव. पलीकडे व्हालान्स शहर, अक्षांश जवळजवळ ४५, म्हणजे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या बरोबर मध्यावर. ग्रॅनाइटच्या टेकड्या इतक्या उभ्या की दगडी बांध घालून पायऱ्या पाडल्याशिवाय लागवड करता येत नाही. या टेकड्या उत्तरेचा मिस्त्राल वारा अडवतात, त्यामुळे द्राक्ष लवकर पिकतं. १९३८ साली या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. लेबलवर कोर्नास लिहायचं, तर आत फक्त सिरा जातीचीच द्राक्षं हवीत. थोडं वर, समोरच्या तीरावर प्रसिद्ध एर्मिताज आहे. तिथल्या रेड वाईनमध्ये थोडी पांढरी द्राक्षं मिसळायची मुभा आहे. कोर्नासला तीही नाही.

सिरा म्हणजेच आपल्या नाशिकच्या बाटल्यांवरची शिराझ. ही जात इराणच्या शिराझ शहरातून आली, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे आणि साफ चुकीची आहे. १९९८ च्या सुमारास डीएनए तपासल्यावर कळलं की सिरा ही द्युरेझा आणि मोंदूझ ब्लांश या दोन जातींची लेक, आणि आईबाप दोघंही आग्नेय फ्रान्सचे. तिच्या वासातली मिरी मात्र खरी आहे. रोटंडोन नावाचा जो रेणू मिऱ्यात असतो, तोच सिरातही असल्याचं ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं. त्याचं नाव पडलं सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून. ती म्हणजे दिवाळीच्या उटण्यातला आपला नागरमोथा! लिटरभर वाईनमध्ये १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी नाकाला कळतं. पण साधारण पाचातल्या एकाला तो वास मुळीच येत नाही. असो, हे विषयांतर झालं.

मला सांगायचंय ते तुरटपणाबद्दल. कोवळी कोर्नास तोंडात घेतली की काजूचं बोंड चावल्यासारखं होतं, जीभ टाळूला घासायला लागते. हे काम टॅनिनचं. लाळेतली प्रथिनं तोंडाला वंगण पुरवतात. टॅनिन त्यांनाच धरून त्यांच्या गुठळ्या करतं आणि तोंड कोरडं पडतं. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन म्हणजे मण्यांची माळ. त्यातल्या एका महत्त्वाच्या मण्याचं नाव कॅटेचिन, आणि ते आलंय कॅटेचूवरून, म्हणजे पानात घालायच्या कातावरून! सुपारीतही याच घराण्यातल्या मण्यांच्या माळा असतात. थोडक्यात, ज्याने आयुष्यात एक विडा खाल्लाय त्याने वाईनचं अर्धं रसायनशास्त्र चघळलेलं आहे.

आता विडा रंगतो कसा ते पाहा. कॅटेचिनच्या रेणूत अणूंचं एक कडं असतं, त्यावर दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन) शेजारीशेजारी असतात. चुना अल्कधर्मी. तो या गटांवरचा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, काढून घेतो, त्यामुळे हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन पळवणं सोपं जातं आणि कॅटेचिनचं क्विनोन होतं. क्विनोन भयंकर हावरं. दिसेल त्या शेजाऱ्याला चिकटतं, रेणू मोठे होत जातात, तोंड लाल होतं. सगळा मामला दोन मिनिटांचा.

वाईनमध्ये चुना नाही, उलट आम्ल आहे. पीएच साडेतीनच्या आसपास. इथे प्रोटॉन जागेवर घट्ट बसलेला असतो आणि ऑक्सिजनची एकट्याची डाळ शिजत नाही. त्याला दलाल लागतो. वाईनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम लोह असतं, ते हा व्यवहार जुळवतं. एकीकडे कॅटेचिनसारख्या मण्यांचं क्विनोन होतं, दुसरीकडे ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड. या पेरॉक्साइडला पुन्हा लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतं. ते इतकं उतावळं असतं की समोर येईल त्याला धडकतं, आणि वाईनमध्ये समोर बहुधा अल्कोहोलच येतं. त्याचं होतं अॅसिटाल्डिहाइड. (इथवर दमला असाल तर एवढंच लक्षात ठेवा: थोडा ऑक्सिजन, थोडं लोह, आणि त्यातून तयार झालेला एक पूल.)

पूल म्हणजे हेच अॅसिटाल्डिहाइड. एका हाताने ते टॅनिनची माळ धरतं, दुसऱ्या हाताने द्राक्षाच्या सालीतलं अँथोसायानिन हे रंगद्रव्य. हे रंगद्रव्य एकटं असताना रंग कच्चा असतो. या पीएचला त्याचे बहुतेक रेणू बिनरंगी रूपात असतात, आणि टिकवण्यासाठी घातलेलं सल्फाइट उरलेल्यांचा रंगही उडवतं. टॅनिनशी जोडलं गेलं की रंग पक्का होतो. शाईसारखा जांभळा हळूहळू विटकरीकडे झुकतो. माळा फक्त वाढतच जातात असंही नाही; आम्लात त्या तुटतात आणि पुन्हा नव्याने जुळतात. काही फारच लांब होऊन तळाशी गाळ म्हणून बसतात, आणि घोट मऊ लागतो.

हे सगळं चालतं बुचातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर, वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिग्रॅम. म्हणून दहा-बारा वर्षं.

मग गरम माळ्यावर तेच काम लवकर का होऊ नये? दहा अंशांनी तापमान वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हे शाळेत शिकलोय आपण. पण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. काहींचा वेग जास्तच वाढतो, आणि ताज्या फळाचा वास देणारे एस्टर लवकर मोडतात. फ्रान्समधल्या तळघरात १२-१३ अंश असतात, आमच्या माळ्यावर मे महिन्यात हात ठेववत नाही. तिथे वाईन मुरत नाही, शिजते. (पाच मिनिटांत वाईन ‘मुरवणारी’ चुंबकं इंटरनेटवर मिळतात. बुचातून वर्षानुवर्षं झिरपणारा ऑक्सिजन चुंबक कुठून आणणार, हे विकणाऱ्याला विचारून पाहा.) आणि ज्या साध्या वाईनमध्ये टॅनिनच बेताचं आहे, ती जपून ठेवणं म्हणजे पोहे मुरत घालणं.

बाटली मोरीत उपडी केली तेव्हा तळाचा गाळ शेवटी आला. बोटांत घेऊन चोळला, किंचित खरखरीत, विटकरी-जांभळा. जिभेला लावला तर अजून तुरट. नखांच्या कडांना बसलेला रंग साबणाने जाईना. संध्याकाळी चहाचा कप हातात देताना सासूबाईंचं लक्ष गेलं.

“काय गं, पानं लावत होतीस का?”