केकच्या खटल्यात नेमके काय ठरले?

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोतल्या एका बेकरीवाल्याच्या बाजूने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला. तेव्हापासून ‘श्रद्धेपोटी गिऱ्हाईक नाकारायची मुभा मिळाली’ हा समज पक्का झाला आहे. निकालात तसे काही नाही.

घटना जुलै २०१२ ची, लेकवूडमधली. दोन पुरुष आपल्या लग्नाचा केक सांगायला आले, त्यांच्यापैकी एकाची आईही सोबत होती. मालक म्हणाला, वाढदिवसाचा केक देतो, बिस्किटे देतो, पण समलिंगी लग्नाचा केक करत नाही. नक्षी कशी, वर काय लिहायचे, इथवर बोलणे गेलेच नाही. तेव्हा कोलोरॅडोत असे लग्न कायदेशीर नव्हते. जोडपे त्यासाठी मॅसॅच्युसेट्सला जाणार होते. मात्र लैंगिक कलावरून सेवा नाकारायला राज्यात २००८ पासून बंदी होती आणि राज्याच्या नागरी हक्क आयोगाने मालकाला दोषी धरले.

सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले ते आयोगाच्या वागण्यावर. गुलामगिरीचे आणि ज्यूंच्या संहाराचे समर्थनही धर्माच्या नावाने झाले होते, असे एका सदस्याने सुनावणीत बोलून दाखवले होते. शिवाय समलिंगी लग्नाला विरोध करणारा मजकूर केकवर लिहायला नकार देणाऱ्या तीन बेकऱ्या त्याच आयोगाने निर्दोष सोडल्या होत्या. मालकाच्या श्रद्धेकडे तटस्थपणे पाहिले गेले नाही, एवढ्यावर निकाल फिरला. धार्मिक आक्षेपामुळे दुकानदाराला सर्वांना लागू असलेल्या भेदभावविरोधी कायद्यातून सहसा सूट मिळत नाही, हेही त्याच निकालात लिहिले आहे. ते वाक्य बहुतेकांना सोयीचे नसावे.

धर्माची ढाल जुनीच. १९६४ च्या कायद्याने हॉटेले, खानावळी, नाट्यगृहांत वर्णभेदाला बंदी केली, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या एका बार्बेक्यूवाल्यानेही आपली श्रद्धा पुढे केली होती. १९६८ मध्ये न्यायालयाने ती तळटीपेतच उडवून लावली. मुख्य प्रश्न वकिलाच्या फीचा होता.

मग १९९० मध्ये ऑरेगनच्या एका प्रकरणात ठरले की, तटस्थ आणि सर्वांना सारखा लागू असलेला कायदा धर्माच्या आड आला तरी पाळावा लागतो. १९९३ मध्ये संसदेने कायदा करून हे उलटवले. पण तो राज्यांवर बंधनकारक नाही, असे १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितले. आणि केक, फोटो, फुले यांचे वाद तर राज्यांच्याच कायद्यांखाली येतात! त्यामुळे सेवा नाकारणाऱ्यांच्या वकिलांनी भाषणस्वातंत्र्यावर भर दिला. समलिंगी जोडप्याच्या सोहळ्याचे फोटो काढायला नकार देणारी न्यू मेक्सिकोतली छायाचित्रकार त्या वाटेने २०१३ मध्ये हरली. समलिंगी लग्नांसाठी वेबसाइट करायची नाही म्हणणारी कोलोरॅडोतलीच एक डिझायनर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ अशी जिंकली. तोवर तिने लग्नाची एकही वेबसाइट केलेली नव्हती. निकाल पूर्णपणे अभिव्यक्तीवर उभा आहे, श्रद्धेवर नाही.

पण अभिव्यक्ती कशाला म्हणायचे? डिझायनरचे काम अभिव्यक्ती आहे, हे दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केले होते. केशरचना, पुष्परचना, मंडपाची सजावट यांचे काय, याचे उत्तर निकालात सापडत नाही. लेकवूडच्या त्याच बेकरीवाल्याकडे पुढे एका ट्रान्स ग्राहकाने केक मागितला: आतून गुलाबी, वरून निळा, मजकूर काहीच नाही. आधी होकार मिळाला. केक लिंगबदल साजरा करण्यासाठी आहे हे कळल्यावर नकार. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा प्रक्रियेच्या कारणावरून निकाली काढला. गुलाबी-निळा रंग म्हणजे भाषण की नुसता केक, यावर न्यायालय काहीच बोलले नाही.