छापून आलेल्या फोटोत कपाळ का कापलं जातं?

मोबाइलवर आडवा काढलेला ग्रुप फोटो ऑनलाइन छापायला दिला, की मागच्या रांगेतल्या उंच माणसाच्या कपाळाला हमखास कात्री लागते. राग छापणाऱ्यावर निघतो, पण कारण गुणोत्तरात आहे. बहुतेक मोबाइल कॅमेरे ४:३ या प्रमाणात फोटो काढतात आणि नेहमीचा ४ × ६ इंची कागद ३:२ चा असतो. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा फोटो घ्या. तो ६ इंच रुंद केला की त्याची उंची साडेचार इंच होते, आणि कागद तर चारच इंचांचा. अर्धा इंच, म्हणजे चित्राच्या उंचीचा नववा हिस्सा, जाणारच. आपण काही सांगितलं नाही, तर तो वरून पाव आणि खालून पाव इंच असा कापला जातो.

म्हणून ऑर्डर देताना प्रत्येक फोटोचा प्रीव्ह्यू उघडून चौकट हाताने सरकवावी. पन्नास फोटो असले तरी हे काम टाळू नये. ते टाळलं की पैसे वाया जातात. खालची फरशी जाऊ द्यावी, डोकी वाचवावीत. काहीच कापायचं नसेल, तर ‘फिल’ (कागद पूर्ण भरणं) ऐवजी ‘फिट’ (पूर्ण फोटो कागदात बसवणं) निवडावं. मग चित्र ४ × ५.३३ इंचांचं छापलं जातं आणि दोन्ही बाजूंना इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या उरतात. साडेचार बाय सहा किंवा सहा बाय आठ हे आकार उपलब्ध असतील तर उत्तमच, कारण ते बरोबर ४:३ आहेत. ३:२ चा फोटो काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं: त्याच्या फोटोला ४ × ६ आणि ८ × १२ चपखल बसतात, पण ८ × १० मागवला की लांबीतले पूर्ण दोन इंच जातात.

शिवाय बिनकिनारीच्या प्रिंटमध्ये चित्र कागदापेक्षा किंचित मोठं करून छापतात, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसेल. त्यात चारही बाजूंचे दोन-तीन मिलिमीटर जातात. कडेला चिकटून नाव किंवा तारीख लिहिली असेल तर ती अर्धवट छापून येते.

आता पिक्सेल. ‘इंचाला ३००’ हा आकडा सगळीकडे दिसतो, तो आला डोळ्यांवरून. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. हातात धरलेला फोटो डोळ्यांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर हा कोन ०.०८७ मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला सुमारे २९० ठिपके. यावरून ४ × ६ साठी १२०० × १८०० पिक्सेल आणि ८ × १२ साठी २४०० × ३६०० पिक्सेल हवेत. भिंतीवरची मोठी फ्रेम आपण मीटरभर अंतरावरून बघतो. तिथे १५० सुद्धा भरपूर होतात. फाइलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’ (म्हणजे इंचाला ७२ ठिपके) दिसलं तर घाबरू नये. ती नुसती नोंद असते, छपाईला उपयोगी पडतात ते एकूण पिक्सेल.

हे पिक्सेल वाटेत हरवतात. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो पाठवतानाच लहान केलेला असतो. त्याची लांब बाजू १६०० पिक्सेल असेल तर ४ × ६ वर इंचाला २६६ पडतात आणि निभावून जातं. तोच फोटो १२ इंचांवर ताणला की १३३ उरतात आणि चेहऱ्याभोवती चौकोनी डाग दिसू लागतात. अशा वेळी मूळ फोटो ज्याच्याकडे आहे त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. स्क्रीनशॉट तर छापूच नये. ऑर्डर देताना दिसणारं, कमी रिझोल्यूशनचा म्हणजे पिक्सेल अपुरे असल्याचा इशारा देणारं पिवळं चिन्ह फक्त पिक्सेल मोजतं. हललेला किंवा फोकस चुकलेला फोटो ते बिनदिक्कत पास करतं, म्हणून चेहऱ्यावर झूम करून डोळे आपणच तपासावेत.

‘प्रिंट काळपट आली’ ही तक्रार समजून घ्यायला कागदाकडे वळावं लागेल. अनेक मोठ्या लॅब आजही चांदीच्या क्षारांचा लेप असलेला कागद वापरतात. त्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने चित्र उमटवतात. मग ३५ ते ३८ अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये पाऊण मिनिटाच्या आसपास तीन थरांत सायन, मॅजेंटा आणि पिवळा रंग तयार होतो. पुढच्या द्रावणात चांदी पूर्ण निघून जाते आणि कागदावर राहतात ते फक्त रंग. हे रंग स्वतः उजळत नाहीत, खोलीतला प्रकाश परतवतात. कागदाचा पांढरा भाग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के परत पाठवतो आणि गडद काळा एखादा टक्का. म्हणजे फरक जेमतेम शंभरपट. साध्या स्क्रीनवर तो हजारपट असतो. त्यामुळे स्क्रीनवर दिसणाऱ्या काळ्या केसांच्या बटा कागदावर एकमेकींत मिसळून जातात.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. आता फोटो बघा. काळपट वाटला तर एडिटरमध्ये फक्त ‘शॅडोज’, म्हणजे गडद भागांचा उजेड, वाढवा. सगळाच उजेड वाढवला तर आकाश आणि पांढरे कपडे कोरे पडतात.

रंग फिके येण्यामागे बहुधा कलर प्रोफाइल असतं, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी नोंद. लॅबने वेगळं काही मागितलं नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण प्रोफाइलमध्ये, जेपीईजी स्वरूपात, ९० च्या वरच्या क्वालिटीने सेव्ह करावी. ॲडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या प्रोफाइलमधली फाइल एसआरजीबी समजून छापली गेली की त्वचा निस्तेज दिसते. स्वतः एडिट केलेल्या फोटोंसाठी लॅबचं ‘ऑटो करेक्शन’ (यंत्राने आपोआप केलेली सुधारणा) बंद ठेवावं. संध्याकाळचा मुद्दाम गडद ठेवलेला फोटो यंत्राला चुकलेला वाटतो, आणि ते त्याला उजळून राखाडी करून टाकतं.

कागद निवडताना हाताळायच्या फोटोंना मॅट (बिनचमकीचा) किंवा लस्टर (हलक्या चमकीचा) बरा, चकचकीत ग्लॉसीवर बोटांचे ठसे लगेच उठतात. काचेच्या फ्रेममध्ये ग्लॉसी लावायचा असेल तर मधे माउंटबोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, चौकट ठेवावी; काचेला टेकलेला फोटो दमटपणात चिकटतो आणि सोडवताना वरचा थर निघतो. अल्बम पीव्हीसीचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा.

मोठी ऑर्डर देण्याआधी पाचच प्रिंट मागवाव्यात: एक गडद, एक उन्हातला, एक चेहऱ्याचा, एक ग्रुप आणि एक कृष्णधवल. कृष्णधवल प्रिंट सगळ्यात बोलकी असते. तिच्यात हिरवट किंवा गुलाबी झाक दिसली, तर त्या लॅबच्या रंगांचा तोल बिघडलेला आहे. उरलेले फोटो दुसरीकडे द्यावेत.