मंगळावरचा चेहरा आणि दुसरा फोटो

मे २०२२मध्ये ‘मंगळावर दरवाजा सापडला’ ही बातमी मोबाइलवर खूप फिरली. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने, म्हणजे चाकांच्या यंत्रगाडीने, ७ मे रोजी टिपलेल्या फोटोत कड्यात कोरल्यासारखी चौकट दिसत होती आणि आत काळोख होता. मोजल्यावर कळलं, ही खडकातली भेग. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी. मंगळाच्या फोटोत झाड नसतं, माणूस नसतो. त्यामुळे समोरची वस्तू केवढी आहे, हे डोळ्याला उमगत नाही आणि मग तो ओळखीचं काहीतरी शोधून घेतो. चंद्रावरचा डाग आपल्याला ससा वाटला आणि चंद्राचं नावच शशांक पडलं, तीच ही सवय. शास्त्रज्ञ तिला पॅरिडोलिया म्हणतात.

मंगळाच्या बाबतीत ही गोष्ट फोटोंच्याही आधीची. १८७७मध्ये इटलीचे खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली यांना दुर्बिणीतून रेघा दिसल्या. त्यांनी वापरलेल्या ‘कनाली’ या शब्दाचा अर्थ नुसता चर असाही होतो, पण इंग्रजीत त्याचे कालवे झाले आणि पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी ते खोदणारी संस्कृतीही कल्पिली. मला यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड माँडर यांचं. १९०३मध्ये त्यांनी ग्रिनिचच्या शाळकरी मुलांना मंगळाचं एक चित्र दाखवून नक्कल करायला सांगितलं. मूळ चित्रात कालवे नव्हतेच, होते ते विखुरलेले ठिपके आणि डाग. तरीही मधल्या अंतरावर बसलेल्या काही मुलांनी सरळ रेघा काढल्या. मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांना तसंच दिसलं होतं. १९६५मध्ये मरिनर ४ यान मंगळाजवळून गेलं तेव्हा त्याच्या फोटोंत विवरं होती, कालवे नव्हते.

सर्वांत गाजला तो मंगळाच्या सिडोनिया भागातला चेहरा. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १चं परिभ्रमण यान व्हायकिंग २साठी उतरायची जागा शोधत होतं. सूर्य क्षितिजाजवळ होता, सावल्या लांब पडल्या होत्या. माथा सपाट असलेल्या एका टेकडीची एक बाजू उजेडात आणि दुसरी अंधारात, म्हणून डोळा, नाक, ओठ उमटले. त्यातच संदेश पृथ्वीवर येताना काही माहिती गळाली आणि तिथे काळे ठिपके राहिले. त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला! नासाने तेव्हाच हा ऊनसावलीचा खेळ असल्याचं सांगितलं होतं, पण चेहरा लोकांच्या मनात बसला तो बसलाच.

त्या फोटोतल्या एका पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं त्या बारीक चौकोनात, सुमारे ४३ मीटर जमीन मावत होती. नासाच्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने एप्रिल १९९८मध्ये जवळून फोटो घेतला, त्यात नुसती टेकडी दिसली, तर तेव्हा विरळ ढग होते, अशी शंका निघाली. म्हणून ८ एप्रिल २००१ रोजी स्वच्छ हवेत तो पुन्हा घेतला. आता एका पिक्सेलमध्ये फक्त दीड मीटर. उरली ती झिजलेली टेकडी. लोकांच्या शंकेला उत्तर म्हणून यान मुद्दाम वळवून पुन्हा फोटो काढणं, हे मला फार मोठं वाटतं.

जानेवारी २०१४मध्येही तसंच झालं. १२ मंगळदिवसांपूर्वी मोकळ्या असलेल्या जागी ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला एक दगड दिसला. कडा पांढरट, मध्ये लाल, अगदी जॅम भरलेल्या डोनटसारखा. रोव्हरच्याच चाकाने मोठा दगड फुटून तो तुकडा तिथे आला होता, आणि तो मूळ दगडही पुढे सापडला.

क्वचित मात्र ओळखीची वस्तू खरंच आपली निघते. जुलै २०२२मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हरच्या फोटोत शेवयांसारखा गुंता दिसला. तो दोऱ्याचाच होता, रोव्हर उतरवताना वापरलेल्या सामानातून सुटलेला. काही दिवसांनी त्याच जागेचा पुन्हा फोटो घेतला, तेव्हा तिथे नुसती माती होती.